करंजथडीचा गुप्त थांबा

सहा म्हशी रस्त्यात आडव्या बसल्या होत्या आणि त्यांतली एकही उठायला तयार नव्हती. मी घंटी वाजवली. एकीनं कान हलवला. पुन्हा वाजवली, तेव्हा तिनं तोही हलवायचा बंद केला.

"अगं बाई, ऊठ ना," मी म्हणाले. "माझ्या आधी तीस जणांना वाट दिलीस. माझ्यावरच काय राग?"

शेवटी मीच उतरले, सायकल उचलली आणि बांधाच्या उतारावरून चिखल तुडवत पलीकडे गेले. पंजाबी ड्रेसच्या पायांना कपड्याचे चिमटे लावले होते. त्यातला एक चिखलात पडला तो पडलाच. तो आजही करंजथडीच्या अभयारण्यात असेल.

याला आता चौदा वर्षं झाली. जानेवारीचा महिना होता आणि रविवार होता. बंधाऱ्याच्या फुगवट्यामुळे आमच्या तालुक्यात एक भलीमोठी दलदल तयार झालेली आहे, तिचंच पुढे पक्षी अभयारण्य झालं. तिच्यामधून चौदा किलोमीटरचा जुना बांधाचा रस्ता जातो. दोन्ही बाजूंना पाणी, लव्हाळा आणि पक्षी. झाड औषधालाही नाही. सपाट रस्ता सोपा असतो असं म्हणणाऱ्या माणसानं तो फक्त जीपमधून पाहिलेला असतो. घाटात निदान चढ संपतो आणि उतार लागतो. सपाटीवर समोरून वारा असला की तो चौदा किलोमीटर समोरूनच असतो. तुम्ही पायडल मारा नाहीतर शिव्या मारा, त्याला काही फरक पडत नाही.

आणखी एक गोष्ट मला सारखी त्रास देत होती. तोंडावर कोळ्याचे धागे येत होते. लव्हाळ्यापासून लव्हाळ्यापर्यंत, रस्त्याच्या आरपार. दर पन्नास फुटांवर एक धागा नाकाला, एक भुवईला. मी पुसत होते आणि मनात म्हणत होते, तीस सायकली आत्ताच गेल्यात, आणि एवढ्यात यांनी पुन्हा विणलंसुद्धा? काय कामसू प्राणी आहे!

पुढे चित्रबलाकांचा थवा भर रस्त्यात उभा होता. चाळीसेक तरी असतील, देवळाबाहेर चपला शोधणाऱ्या माणसांसारखे इकडेतिकडे बघत. मी जवळ गेल्यावर नाइलाजानं उडाले. तेव्हाही मला काही कळलं नाही. मी घामाघूम होते आणि मला एकच दिसत होतं, साडेदहा.

साडेदहाचं सांगायचं तर आधी आमच्या ह्यांचं सांगितलं पाहिजे.

आमचे हे, म्हणजे दिनकर बोरस्ते, तेव्हा दस्त नोंदणीच्या कचेरीत अव्वल कारकून होते. आयुष्यभर शिक्के मारले. कचेरीत पक्षकाराचं नाव तीनदा पुकारायचं, तिसऱ्या पुकाराला 'हजर' आलं नाही की कागद खाली ठेवायचा, हा त्यांचा जगाकडे बघायचा नियम. पन्नाशीला साखर निघाली. डॉक्टर ठोंबऱ्यांनी सायकल चालवायला सांगितली. ह्यांनी त्या आठवड्यात सायकल घेतली, पुढच्या आठवड्यात डॉक्टरांना अध्यक्ष करून सायकल मंडळ काढलं, घटना लिहिली, नियम लिहिले, कार्डं छापली आणि चिटणीस झाले. सायकल चालवायची तेवढी राहिली. सहा महिने तिच्यावर टॉवेल वाळत होते. मग एक दिवस मी टॉवेल काढले, सीट खाली केली आणि दळण आणायला गेले. तिथून सुरुवात.

मंडळाची दर जानेवारीत 'एकशेवीस' असायची. एकशेवीस किलोमीटर, सकाळी सहा ते दुपारी तीन. वाटेत थांबे, थांब्यावर कार्डावर शिक्का. त्यातला एक थांबा गुप्त. तो कुठे आहे ते चिटणिसाखेरीज कुणालाच माहीत नसायचं, कारण आडवाटेनं जाऊन अंतर चोरणारा तिथे सापडला पाहिजे. त्या वर्षी तो साडेदहाला बंद व्हायचा. एक शिक्का चुकला की माणूस बाद.

मी दोन वर्षं बाद झाले होते. पहिल्या वर्षी अकरा मिनिटांनी, दुसऱ्या वर्षी चारनं. आणि नियम सोळा, ह्यांच्याच हस्ताक्षरातला: 'सलग तीन वेळा अपूर्ण राहणाऱ्या सभासदाने पुढे स्वयंसेवक म्हणून सेवा द्यावी.' आमच्याकडे स्वयंसेवक म्हणजे केळी विभाग. रस्त्याच्या कडेला टेबल लावून येणाऱ्याला केळं द्यायचं आणि साल गोळा करायची. घरी सत्तावीस वर्षं माझा तोच विभाग होता. त्यासाठी सायकलची गरज नव्हती.

पण खरी गोष्ट केळ्यांची नव्हती, तीही सांगून टाकते. निघताना हे नंबर पुकारायचे. मी एकतीस. संध्याकाळी मात्र जे पूर्ण करतील त्यांची नावं वाचायचे, पूर्ण नावं, खणखणीत आवाजात. आणि आमच्या ह्यांनी लग्नात एकदा उखाण्यात माझं नाव घेतलं होतं, तेही सासूबाईंनी दार अडवलं म्हणून. त्यानंतर 'अगं', 'ऐकलंस का', आणि बाहेरच्यांपुढे 'आमच्याकडे'. 'आमच्याकडे वांगी आवडत नाहीत' म्हणजे मला आवडत नाहीत. रागावून नाही, लाजून. त्यांच्या घरात वडिलांनी, आजोबांनी कधी घेतलं नाही, यांनी नाही घेतलं. मला काही कमी पडलं नाही, पण मला ते नाव एकदा त्यांच्या आवाजात ऐकायचं होतं. त्यासाठी एकशेवीस किलोमीटर मला जास्त वाटत नव्हते.

तर अभयारण्याच्या मधोमध एक निरीक्षण मनोरा आहे. त्याच्या सावलीत मला एक टेबल दिसलं. टेबलामागे खुर्ची, खुर्चीत आमचे हे. डोक्याला मफलर, समोर शिक्का, शाईचं पॅड, यादी आणि यादीवर वाऱ्यानं उडू नये म्हणून दगड. शेजारी वनरक्षक गांगुर्डे स्टुलावर बसून शेंगा खात होते आणि वर खिळ्याला त्यांचा छोटा रेडिओ हळू आवाजात पुटपुटत होता.

मी हँडलवरचे दोन्ही हात सोडून ओरडले, "आले! आले मी!"

"श्शऽऽ!" गांगुर्डे उभेच राहिले. त्यांनी पाटीकडे बोट केलं. 'शांतता राखा. पक्षी विश्रांती घेत आहेत.'

मी सायकल टेकवली आणि कार्ड टेबलावर ठेवलं. ह्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागच्या रिकाम्या रस्त्याकडे, मग मनगटावरच्या घड्याळाकडे. चेहरा असा, की मला वाटलं कुणीतरी गेलं.

"दहा छत्तीस," ते कुजबुजले. "थांबा बंद झालाय."

"काय?"

"साडेदहाला बंद. सहा मिनिटं उशीर."

"अहो, मारा ना शिक्का!"

"नियम अकरा. केंद्रप्रमुखाच्या घड्याळातली वेळ अंतिम."

"केंद्रप्रमुख कोण?"

"मी."

"आणि मी कोण?"

ह्यांनी यादीवर बोट ठेवलं. "एकतीस नंबर," ते म्हणाले.

नवराबायकोचं भांडण कुजबुजत करायची वेळ कुणावर येऊ नये. जोर लावता येत नाही, भांडं आपटता येत नाही, आणि दर दोन वाक्यांनी एक वनरक्षक 'श्श' करतो. मी दात दाबून म्हटलं, "साठ किलोमीटर! समोरून वारा! म्हशींना वळसा घालून आलेय मी, चिखलातून!"

"ताई, हळू," गांगुर्डे म्हणाले. "चमचे उडतील." चमचे म्हणजे तिथले चमच्यासारख्या चोचीचे पांढरे पक्षी.

"आणि तो तुमचा रेडिओ चाललाय तो?"

"त्यो रोजचाच हाये. रेडिओची पाखरांना सवय झालीया. भांडण नवीन पडतंय त्यांना."

मी टेबलावरची यादी बघितली. मला दाखवायचं होतं की बाकीच्यांना वेळेत शिक्के मारलेत तर मलाच का नाही. यादी कोरी होती. एक ते एकतीस नंबर, प्रत्येकापुढे आखलेला चौकोन, आणि एकाही चौकोनात काही नाही.

"हे काय? बाकीचे?"

ह्यांनी मफलर सोडला, पुन्हा बांधला. "कुणी आलंच नाही," ते म्हणाले. आवाज इतका बारीक, की कुजबुजीतसुद्धा ऐकू येईना. "मी साडेसातपासून बसलोय. एक माणूस नाही. मला वाटलं, मीच चुकीच्या रस्त्याला येऊन बसलो. गांगुर्ड्यांना तीनदा विचारलं, हीच करंजथडी ना?"

"चारदा," गांगुर्डे म्हणाले.

"अगं, मार्ग मीच आखला, वळणांचा कागदही मीच लिहिला. डावीकडे लिहिलंय की उजवीकडे? तू कशी आलीस?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. कोळ्याचे धागे. बसलेल्या म्हशी. रस्त्यात निवांत उभे चित्रबलाक. त्या रस्त्यानं सकाळपासून माझ्याआधी कुणी गेलंच नव्हतं.

फाट्यावर सरळ नवा डांबरी रस्ता जातो, बंधाऱ्याच्या दारांवरच्या पुलावरून. पाच किलोमीटरमध्ये पलीकडे निघतो. डावीकडचा बांध चौदा किलोमीटर. फाट्यावर मी उतरले होते, पिशवीतून ह्यांचा कागद काढून वाचला होता. 'करंजथडी फाटा: डावीकडे वळणे. सरळ जाऊ नये. पुन्हा सांगतो, सरळ जाऊ नये.' सत्तावीस वर्षं ह्यांच्या याद्या वाचून किराणा आणलाय. 'तूरडाळ, मागच्या वेळेसारखी नको' हे वाचायची सवय असलेली बाई कागद बघितल्याशिवाय वळत नाही. पण बाकीचे डॉक्टरांची 'आगगाडी' करून चालवायचे. एकामागे एक, चाकाला चाक लावून, म्हणजे पुढच्याच्या आडोशानं वारा लागत नाही. त्यात एकच नियम: नजर पुढच्याच्या मागच्या चाकावर. रस्ता फक्त सगळ्यात पुढचा बघतो. आणि सगळ्यात पुढे डॉक्टर.

"ते सरळ गेले," मी म्हणाले. "तीसच्या तीस."

ह्यांचा चेहरा आधी मोकळा झाला, कारण ते चुकले नव्हते. मग एकदम पडला, कारण तीस चुकले होते. मग ते माझ्याकडे बघून म्हणाले, "आणि जी एक बरोबर आली ती उशिरा आली."

इथे मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, मी खाली बसले, चिमटा नसलेल्या पायाचा चिखल पुसत रडले. आवाज न करता, कारण चमचे. ह्यांनी पाण्याची बाटली पुढे केली आणि लगेच मागे घेतली. "नियम सात," ते म्हणाले. "बाहेरची मदत चालत नाही." मग स्वतःच ओशाळले आणि बाटली टेबलावर, माझा हात पोचेल अशी ठेवून दुसरीकडे बघत बसले.

त्यांचा हात माझ्या डोळ्यांसमोर होता. मनगटावर ते किल्लीचं घड्याळ. आणि ते बघता बघता माझं रडणं थांबलं.

आमच्या घरात सगळी घड्याळं दहा मिनिटं पुढे असतात. ही ह्यांची शिस्त. स्वैपाकघरातलं, बाहेरच्या खोलीतलं आणि ह्यांचं मनगटावरचं. कुणाला उशीर व्हायला नको. दर रविवारी आंघोळ झाली की तिन्हींना किल्ली द्यायची आणि दहा मिनिटं पुढे आहेत ना बघायचं, हे काम माझं.

"अहो," मी म्हणाले. "घड्याळ."

"काय घड्याळ?"

"काल रात्री तुम्ही काही केलंत का त्याला?"

"बातम्यांना बरोबर मिळवून ठेवलं. आजच्यापुरतं. स्पर्धेला खरी वेळ नको का?"

"मला सांगितलंत?"

"सांगायचं काय त्यात?"

"मग ऐका. पहाटे साडेचारला मी किल्ली द्यायला घेतलं. भिंतीवरच्याशी ताडून बघितलं, तर तुमचं दहा मिनिटं मागे. मला वाटलं, मागे पडलंय. मी पुढे केलं."

गांगुर्ड्यांचं शेंग सोलणं थांबलं.

ह्यांनी घड्याळाकडे बघितलं, जणू ते दुसऱ्याच कुणाचं आहे. "केंद्रप्रमुखाच्या घड्याळात हात घातलास?" ते म्हणाले.

"हात घातला नाही, किल्ली दिली! सत्तावीस वर्षं देतेय! म्हणजे आत्ता दहा चाळीस नाहीत, साडेदहा व्हायचेत. मी दहा सव्वीसला पोचलेय. मारा शिक्का!"

"पुरावा?"

"बायको सांगतेय, हा पुरावा नाही?"

"पक्षकाराचं तोंडी म्हणणं पुरावा होत नाही," ते म्हणाले, आणि त्यांना स्वतःलाच ते आवडलं नाही हे दिसत होतं. "अगं, मला मारायचाय गं. पण उद्या कुणी विचारलं, कशावरून, तर मी काय दाखवू?"

मला त्यांचा राग आला आणि त्यांची दयाही आली. हा माणूस खोटा शिक्का मारू शकत नव्हता. मला तसला नकोही होता. तसला शिक्का घेऊन ते संध्याकाळी माझं नाव वाचताना कुठे बघतील, हे मला माहीत होतं. यादीकडे बघतील. माझ्याकडे नाही.

गांगुर्डे उठले, खिळ्यापाशी गेले आणि त्यांनी अभयारण्याची शांतता स्वतःच्या हातानं मोडून रेडिओचा आवाज मोठा केला. भावगीत संपत आलं होतं. आम्ही तिघं त्या डबीकडे बघत उभे राहिलो. गाणं संपलं, थोडी खरखर झाली आणि बाई स्वच्छ आवाजात म्हणाली, "आता सकाळचे साडेदहा वाजत आहेत."

पलीकडे लव्हाळ्यातून पंधरा-वीस चमचे उडाले. गांगुर्डे म्हणाले, "उडू द्या."

ह्यांनी घड्याळाकडे बघितलं. दहा चाळीस. "आकाशवाणी म्हणजे सरकार," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात एवढा आनंद मी पगारवाढीच्या वेळीही ऐकला नव्हता. त्यांनी घड्याळाचा काटा सरळ दहा मिनिटं मागे नेला, यादीत माझ्या चौकोनात दहा सव्वीस लिहिलं, शिक्का उचलला, पॅडवर दाबला, कार्डावर मारला.

काहीच उमटलं नाही. तीन तास उघडं राहून पॅड वाऱ्यानं खडखडीत वाळलं होतं.

"शिक्का मारल्यासारखं धरा," मी म्हणाले.

"धरता येत नाही," ते म्हणाले, आणि मग त्यांनी ती टेबलावरची बाटली उघडून पॅडवर पाणी शिंपडलं, बोटानं चोळलं, बोट निळं झालं, आणि शिक्का असा मारला की टेबल हललं. कार्डावर शिक्क्यातला बगळा फिकट निळा उमटला. एक पाय आला नव्हता. पण बगळे तसेही एकाच पायावर उभे असतात.

मी सायकलवर बसले. अजून सात किलोमीटर बांध होता आणि वारा तसाच. थोड्या वेळानं मागून स्कूटरचा आवाज आला. थांबा बंद झाला होता, सामान मागे बांधून हे निघाले होते. त्यांनी मला मागे टाकलं आणि मग, मला कळेना, पुढे जाईनातच. माझ्या पुढे आठ-दहा फुटांवर, माझ्याच वेगानं, खुर्ची आणि घडीचं टेबल मागे आडवं बांधलेलं. एकदम वारा थांबला. पाय हलके झाले. मला दोन मिनिटं वाटलं, काय छान बसलाय आपला दम!

मग लक्षात आलं.

"अहो!" मी ओरडले. आता चमच्यांचं काही असो. "बाजूला व्हा! गाडीचा आडोसा होतोय! नियम नऊ!"

त्यांनी मागे बघितलं नाही. मान ताठ. "मी पक्षी बघतोय," ते पुढूनच ओरडले.

"ताशी बारानं?"

"नीट दिसतात!"

"बाद करायचंय का मला?"

स्कूटर हळूच बाजूला झाली. वारा पुन्हा तोंडावर आला. ते माझ्या शेजारून जाताना मी बघितलं, कान लाल झाले होते. नियम लिहिणाऱ्यानं स्वतःच्या हातानं नियम मोडायला घेतला होता, आणि तोही धड जमला नव्हता. त्यानंतरचे पन्नास किलोमीटर मी कशी गेले ते विचारू नका. मला ते लाल कान पुरले.

दोन एक्कावन्नला मी शाळेच्या हॉलमध्ये शिरले. तीसजण केव्हाचे येऊन, आंघोळी करून, जिलब्या खात बसले होते. डॉक्टर ठोंबरे मोठ्या मनानं टाळ्या वाजवत म्हणाले, "वा वहिनी! जिलबी ठेवलीय तुमच्यासाठी!"

हे टेबलापाशी कार्डं तपासत होते. एकेक कार्ड उघडायचे, तिसऱ्या चौकोनावर बोट ठेवायचे, खाली ठेवायचे. तीस वेळा. शेवटी उभे राहिले.

"गुप्त थांबा करंजथडीच्या मनोऱ्यापाशी होता," ते म्हणाले.

 कुणाच्या तरी हातातली जिलबी ताटलीत पडली.

"थांबा दिसला नाही तेव्हा आम्हाला वाटलं, या वर्षी तुम्हाला डोळा लागला," मागून एकजण म्हणाला.

"डॉक्टर, तुम्ही पुढे होता," दुसरा म्हणाला. "कागद बघितला नाहीत?"

"कागद कसला बघायचा? माझ्यामागे एकोणतीस माणसं चाकाला चाक लावून! थांबलो असतो तर सगळे माझ्या अंगावर!" डॉक्टर म्हणाले. मग अध्यक्षाच्या आवाजात आले. "बोरस्ते, जाऊ द्या. नऊ किलोमीटरनं काय बिघडतंय? सगळ्यांना पूर्ण धरा."

"धरता येत नाही."

"मग सगळ्यांना बाद करा. निकालच रद्द. एकजण फक्त पास, आणि तीही चिटणिसाची बायको, आणि शिक्का मारणारा चिटणीस. लोक काय म्हणतील? म्हणतील, घरात सांगून ठेवलं होतं थांबा कुठे आहे ते."

 ह्यांनी यादी उचलली आणि पुन्हा टेबलावर ठेवली.  आयुष्यभर कुणाच्या चहालाही हात न लावलेला माणूस, त्याला एवढंच वाक्य पुरतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मला वाटलं, संपलं. आता हे म्हणणार, निकाल रद्द. आणि मी पुढच्या वर्षी केळी सोलणार.

मी उभी राहिले. 

"डॉक्टर," मी म्हणाले, "तुम्हाला वाटतं, ह्यांनी मला गुपित सांगितलं? घड्याळ मिळवलं तेसुद्धा मला सांगत नाहीत. सत्तावीस वर्षांत ह्यांनी मला नावानं हाक मारलेली नाही. जो माणूस माझं नाव मला सांगत नाही, तो थांबा कुठे आहे ते सांगेल?"

 आधी डॉक्टरांच्या सौभाग्यवती हसल्या, मग सगळा हॉल. डॉक्टरही हसले. हसता हसता म्हणाले, "हे मात्र खरं आहे, बोरस्ते," आणि मग त्यांनी आपलं कार्ड उचललं, स्वतःच त्यावर 'बाद' लिहिलं आणि परत दिलं. अध्यक्षांनी दिलं म्हटल्यावर बाकीच्यांनी तोंड वाकडं करत का होईना दिलं. पुढच्या वर्षी केळी विभागात डॉक्टर स्वतःहून उभे राहिले, नियम सोळा लागू नसताना. सालं मात्र कुणाला तरी गोळा करायला लावत.

हे टेबलापुढे आले. यादी समोर धरली. घसा साफ केला.

"एकशेवीस किलोमीटर पूर्ण करणारे सभासद," ते म्हणाले, आणि थांबले.  मग कचेरीतल्या आवाजात, एका दमात, छताकडे बघून म्हणाले, "सौभाग्यवती हेमलता दिनकर बोरस्ते!"

टाळ्या झाल्या. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी बसून राहिले.

"अहो वहिनी, उठा," शेजारची म्हणाली.

मी नाही उठले.

ह्यांनी छतावरून नजर खाली आणली. कचेरीचा नियम त्यांचाच होता, त्यांना माझ्याइतका कुणाला ठाऊक? "हेमलता बोरस्ते," ते म्हणाले. या वेळी जरा हळू, माझ्याच दिशेला.

मी ताटलीतली जिलबी बघत बसले.

हॉलमध्ये कुणाला काही कळेना. डॉक्टर म्हणाले, "चक्कर आली की काय?" पण ह्यांना कळलं. त्यांनी यादी टेबलावर ठेवली. दोन्ही कान अगदी बांधावरच्यासारखे लाल झाले, आणि चिटणीस नसलेल्या, कारकून नसलेल्या एका साध्या आवाजात ते म्हणाले,

"हेमलता."

"हजर," मी म्हणाले आणि उठले.